आत्याबाईंचे कान आणि कावडीची रात्र

आमच्या घराण्यांत संगीत कशाला म्हणावें हें फार पूर्वींच ठरून गेलेलें आहे. सतरंजी, दोन तंबोरे, बाजूस तबला आणि पेटी, व समेवर मान हलविणारीं दहावीस माणसें. यापलीकडे जें जें वाजतें त्यास आम्ही 'आवाज' म्हणतों आणि खिडक्या लावून घेतों. अकोल्यास राहणाऱ्या माणसावर खिडक्या लावण्याचा प्रसंग वर्षांतून पुष्कळदां येतो. गणपतींत येतो, नवरात्रांत येतो, लग्नसराईंत तर रोज येतो. परंतु श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं खिडक्यांचा कांहीं उपयोग नसतो. कारण त्या दिवशीं आवाज तावदानांतून येत नसून भिंतींतून येतो. अशा ह्या सोमवारासाठीं २०२३ सालीं आमच्या आत्याबाई अमरावतीहून मुद्दाम निघाल्या. वय ८१, गुडघे दुखरे आणि कान जवळजवळ गेलेले. "यंदा कावडीला मी येणार. मला रस्त्याच्या कडेला नेऊन बसवायचें, गच्चीवरून नाहीं," एवढाच त्यांचा निरोप होता.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. अकोल्याचें ग्रामदैवत राजराजेश्वर. त्याचें देऊळ मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरांत आहे. श्रावणाच्या अखेरच्या रविवारीं गांवांतील तरुण मंडळी आकोटच्या वाटेनें सुमारें १८ किलोमीटरांवरील गांधीग्रामास जातात, तेथें पूर्णेचें पाणी भरतात, आणि तें खांद्यावर घेऊन रातोरात अनवाणी परत फिरतात. सोमवारीं तें पाणी देवाच्या पिंडीवर पडतें. ही वाट ज्या मुलखांतून जाते तो खारपाणपट्टा. तेथल्या विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. तेव्हां नदीच्या पाण्याची किंमत त्या लोकांना पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. जुनीं माणसें सांगतात कीं, पाऊस रुसलेल्या एका वर्षीं कांहीं पोरांनीं देवाला पाणी घालावें म्हणून पहिली कावड आणली; त्यास २०२३ सालीं ८० वर्षें होत आलीं होतीं. २०२३ हें सालही तसलेंच होतें. श्रावण अधिक आल्यामुळें शेवटचा सोमवार लांबून ११ सप्टेंबरवर गेला होता, आणि मधला ऑगस्ट महिना देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. कावडीबरोबर चालणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं शेत होतें. त्यांचें मागणें लटकें नव्हतें.

कावड म्हटली म्हणजे श्रावणबाळाच्या चित्रांतली, दोन टोंकांस दोन पारडीं असलेली दांडी डोळ्यांपुढें येते. तशा लहान कावडी येथें असतातच; परंतु डाबकी रोड, हरिहरपेठ अशा भागांतल्या मंडळांच्या कावडी म्हणजे वेळूचे मोठे सांगाडेच असतात. त्यांवर पाण्याचीं भांडीं ओळीनें बांधलेलीं असतात. त्यांना येथें भरणे म्हणतात, आणि मोठ्या कावडीला असे शेंकडों भरणे असतात. प्रत्येक मंडळाची कावड वेगळी, देखावा वेगळा, आणि वाजवणारेही वेगळे. त्यामुळें त्या रात्रीं व दुसऱ्या दिवशीं अकोल्यास एक वाद्यमेळा नसतो. पूर्णेच्या कांठापासून आकोट स्टँड, सिटी कोतवाली आणि जयहिंद चौकापर्यंत जागोजाग वेगवेगळे मेळे एकाच वेळीं चालूं असतात. एकापासून निघावें तों दुसरा ऐकूं येऊं लागतो.

आमचा पुतण्या बावीस वर्षांचा आहे, आणि त्याचें संगीत आम्हांस अगम्य. तो ज्याला 'हेवी' म्हणतो तें जड संगीत इंग्लंडांतल्या बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरांत उपजलें. 'ब्लॅक सॅबथ' नांवाच्या चौघांची पहिली तबकडी १९७० च्या फेब्रुवारींत निघाली, तेव्हांपासूनचें. त्याचें म्हणणें असें कीं, कावड ही आपल्या गांवची 'रोडबर्न' आहे. चौकशी केल्यावर कळलें कीं नेदरलंड्समधल्या टिलबर्ग गांवीं ह्या नांवाचा महोत्सव भरत आला आहे. गांवांतल्या निरनिराळ्या सभागृहांत जड वाद्यें वाजत असतात आणि श्रोते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पायीं हिंडतात. "काका, तिथं लोक विमानानं येतात, आणि आपण खिडक्या लावून घेतो," असें तो आम्हांस ऐकवितो. टिलबर्ग हें एके काळीं लोकरीच्या गिरण्यांचें गांव होतें, अकोला कापसाचें. दोन्हीकडच्या बहुतेक गिरण्या थंडावल्या आणि गोंगाटाची हौस मागें राहिली, असा आमचा एक तर्क आहे. तो पुतण्यास मान्य नाहीं.

आतां आत्याबाईंविषयीं. अमरावतीस मुलींच्या एका शाळेंत त्यांनीं तीस वर्षें गायन शिकविलें. तंबोरा जुळवितांना त्यांचा चेहरा असा होई कीं जवळ जाण्याची आम्हां मुलांची छाती होत नसे. पंचाहत्तरीच्या आसपास त्यांच्या कानांतून पहिली गेली ती तंबोऱ्याची जवारी. तार छेडलेली दिसे, स्वरही कळे, पण त्यावरचें तें सोनेरी गुणगुणणें नाहींसें झालें. मग सकाळचे पक्षी गेले. मग माणसांच्या बोलण्यांतले स, श, फ गेले; 'शंकर' आणि 'अंकर' एकच झालें. डॉक्टर याचें कारण असें सांगतात कीं, अंतःकर्णांत शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्या तोंडाशीं उंच स्वर टिपणाऱ्या पेशी, आणि अगदीं आंतल्या टोंकास खर्जाच्या. ह्या सूक्ष्म केसांच्या पेशी एका कानांत पंधरा हजारांच्या आसपास असतात. त्या गेल्या कीं माणसाला पुन्हा उगवत नाहींत, आणि म्हातारपण तोंडाकडून आंत शिरतें. कानाला लावण्याचें यंत्र आत्याबाईंनीं घेतलें, आणि भांड्यांच्या दुकानांत बसल्यासारखें वाटतें म्हणून पेटींत ठेवून दिलें. बारा स्वरांच्या जगांतून त्या अशा हळूहळू उठून गेल्या होत्या. कधीं तक्रार केली नाहीं. फक्त घरांत कोणी गाणें लावलें कीं उठून आंत जात.

रविवारीं रात्रीं अकराच्या सुमारास आम्ही गाडी दूर उभी करून आकोटच्या रस्त्यावर एका फराळाच्या मांडवापाशीं पोंचलों. असे मांडव त्या रात्रीं वाटेवर ठिकठिकाणीं असतात. साबुदाण्याची उसळ, केळीं आणि चहा, येईल त्याला द्यायचा, पैसे घ्यायचे नाहींत. आत्याबाईंना पाहतांच एका पोरानें आपली खुर्ची पुढें केली. "बसा जी माय, इथून बेस दिस्ते. अरे, आजीले चहा द्या रे!" आत्याबाईंना त्यांतलें अक्षर ऐकूं आलें नाहीं, पण खुर्ची कळली.

बराच वेळ कांहींच नव्हतें. मग आत्याबाईंनीं पायांतल्या चपला काढल्या आणि पाय जमिनीवर टेकले. आम्हांला वाटलें, पाय अवघडले असतील. त्या म्हणाल्या, "आले." आम्हीं कान दिला, आम्हांस अजून कांहीं ऐकूं येत नव्हतें. मिनिटाभरानें वळणापलीकडून ढोल ऐकूं आले.

त्या रात्रीं जवळ बसून ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. हें वाजविणें नुसतें उत्सवाचें नव्हे; तें कामाचें आहे. मोठी कावड अनेक खांद्यांवर असते. सर्वांचीं पावलें एकदम पडलीं नाहींत तर सांगाडा हिसका घेतो, पाणी हिंदकळतें आणि ज्याच्या खांद्यावर भार येतो तो खचतो. ताशेवाला पुढें असतो. त्याच्या बारीक काड्यांची तर्री सुटली कीं ढोलवाल्यांना कळतें कीं आतां चाल बदलणार; मग ढोलावर टिपरूं पडतें आणि त्यावर पाऊल पडतें. चढ आला कीं लय उतरते. खांदेपालट करतांना ढोल थांबतात, ताशा एकटा चालूं राहतो, आणि नव्या खांद्यांवर भार नीट बसला म्हणजे ढोल पुन्हा पडतात. नौका वल्हवितांना, जातें ओढतांना, रूळ उचलतांना माणसांनीं जें संगीत केलें त्याच कुळींचें हें आहे. पखवाजाचा 'धा' आम्हीं जन्मभर मैफलींत ऐकला; परंतु त्या बोलाचें वजन खरोखरीच कोणाच्या तरी खांद्यावर आहे असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

यंत्राच्या आवाजाविषयीं मात्र आमचें मत कठोर होतें, आणि आजही बरेंच आहे. एका मंडळानें मालमोटारीवर कर्ण्यांची भिंतच उभी केली होती, आणि तींतून सिनेमांतल्या गाण्याच्या चालीवर शंकराचें नांव बाहेर पडत होतें. ती मोटार येतांना पाहून आम्हीं आत्याबाईंची खुर्ची मागें घेण्यास हात घातला. त्यांनीं हात बाजूस सारला. भिंत समोर आली तेव्हां मांडवाचें कापड थरथरूं लागलें, चहाच्या पेल्यांवर वर्तुळें उठलीं, आणि आमच्या छातींत कोणी तरी बाहेरून ठोकतो आहे असें झालें. आत्याबाईंनीं मांडवाच्या बांबूला हात धरला होता. डोळे मिटले होते. मोटार पुढें गेल्यावर त्या अगदीं जुन्या, शाळेंतल्या आवाजांत म्हणाल्या, "हा खर्ज आहे. चांगला लागला आहे. मधला भाग मला दिसत नाहीं, पण खालचा सा पक्का आहे." चार वर्षांनंतर त्यांनीं एका स्वराचें नांव घेतलें होतें. त्या गाण्याचा दर्जा काय, हें त्यांच्याजवळ काढण्याची ती वेळ नव्हती.

एवढें सगळें आनंदाचें. परंतु त्या रात्रीं आमच्या घरांत दुसरें एक प्रकरण चालूं होतें, आणि तें पुतण्याच्या कानांचें.

पुतण्या ढोलपथकांत वाजवितो. जुलै महिना लागला कीं रोज संध्याकाळीं दोन-अडीच तास सराव. मग कावड, मग गणपति, मग नवरात्र. त्या वर्षीं सराव करून आल्यावर त्याच्या कानांत शिटी वाजूं लागली. आधीं ती सकाळपर्यंत जाई. पुढें दोन दिवस राही. वहिनींनीं त्याला कानाच्या डॉक्टरांकडे ओढून नेलें. डॉक्टरांनीं श्रवणाचा आलेख काढला. रेघ सरळ चालली होती ती ४००० कंपनांपाशीं खालीं गेली आणि पुन्हा वर आली. मोठ्या आवाजानें कान दुखावला म्हणजे पहिला खड्डा तेथेंच पडतो. बोलणें ऐकण्यास अजून बाध नाहीं, पण गेलेलें परत यायचें नाहीं, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें.

आवाजाचा हिशेब मोठा फसवा असतो. डेसिबल हें माप गुणाकाराचें आहे; दहांनीं आंकडा वाढला कीं कानावर पडणारी शक्ति दसपट होते. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकेंतल्या सरकारी संस्थेनें ८५ डेसिबलांत ८ तास ही मर्यादा धरली आहे. पुढें दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला अवघीं १५ मिनिटें. पुतणीनें मांडवांत बसून मोबाईलवर माप पाहिलें तें १०० च्या खालीं येईना. मोबाईलचें माप काटेकोर नसतें हें खरें, पण पांच-सात आंकडे कमी धरले तरी रात्र पुरी होण्याच्या फार आधीं हिशेब संपतो. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही हद्द आहे. रात्रीं दहानंतर उघड्यावर कर्णे व वाद्यें बंद, वर्षांतून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं यावर विस्तृत निकाल दिला. वाचकांनीं हे आंकडे आपापल्या गांवच्या उत्सवाशीं ताडून पाहावेत. आम्ही येथें अधिक लिहीत नाहीं. ज्या डच लोकांचें पुतण्या एवढें कौतुक करतो, त्यांच्या जलशांतही त्या वेळीं १०३ डेसिबलांची सरासरी मर्यादा मान्य केलेली होती आणि दाराशीं कानांत घालायचे बोळे मिळतात, हें त्यानें आम्हांस आपण होऊन सांगितलें नव्हतें.

वहिनींचें म्हणणें सरळ होतें: ढोल सोड. दादा नेहमींप्रमाणें वर्तमानपत्राच्या आड. पुतण्याचें म्हणणें असें कीं, पथकांत त्याचीं माणसें आहेत. कॉलेजांत चार वर्षें काढून जें मिळालें नाहीं तें तेथें मिळालें. जातपात, आडनांव कोणी विचारीत नाहीं, ताशा सुटला कीं तीस जणांचा हात एकदम पडतो. हें तो सांगूं लागला म्हणजे वहिनींचेंही बोलणें खुंटे. डॉक्टरांनीं दिलेले स्पंजाचे बोळे त्याच्या खिशांत पडून होते.

सोमवारीं दुपारीं मोर्णेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर, आत्याबाई आणि तो शेजारीं बसले होते. त्याचें पथक यायला अवकाश होता. आत्याबाईंशीं बोलायचें म्हणजे मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहावें लागतें. त्यांनीं विचारलें, "ते बोळे का रे घालत नाहींस?" त्यानें लिहिलें, "आत्याआजी, घातले की ताशा जातो. ढोल राहतो. कोणी हांक मारली तर शब्द कळत नाहींत. भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं वाटतं. एकटं पडल्यासारखं."

आत्याबाईंनीं चष्मा वर करून तें दोनदां वाचलें. मग म्हणाल्या, "मला रोज तसेंच ऐकूं येतें. तुझे बोळे निघतात."

पुतण्यानें उत्तर लिहिलें नाहीं. तेवढ्यांत पथक आलें आणि तो उठून गेला. त्यानें खिशांत हात घातला कीं नाहीं तें गर्दींत दिसलें नाहीं. वहिनी टांचा उंच करून पाहत होत्या. त्यांनाही दिसलें नाहीं.

पुढें चौकशी करतां असें कळलें कीं, वाजवणाऱ्यांसाठीं वेगळे बोळे मिळतात. स्पंजाचे बोळे उंच स्वर अधिक खातात आणि खर्ज सोडतात, म्हणून ताशा मरतो. ह्या दुसऱ्यांत बारीक गाळणी असते, ती सर्व स्वर सारख्या प्रमाणांत उतरविते. किंमत अधिक आहे, पण एका ढोलाच्या पानाच्या मानानें जड नाहीं. आम्हीं ते मागविले. पथकांतल्या पोरांना सांगितल्यावर त्यांतल्या दोघांनीं हंसून घेतलें, आणि तिसऱ्यानें हळूच दुकानाचें नांव विचारून घेतलें. त्याच्याही कानांत शिटी वाजत होती, घरीं बोलला नव्हता. आमच्या मतें पथकाच्या वर्गणींतूनच हे बोळे घेतले पाहिजेत, जशी टिपरीं घेतात तशी. पण पथकाच्या कारभारांत आमचें मत कोण विचारतो!

मंगळवारीं आत्याबाई परत निघाल्या. अमरावती-अकोला रस्ता आतां चांगला झाला आहे. २०२२ च्या जूनमध्यें त्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम नोंदविला गेला, त्याचें कौतुक त्या प्रत्येक खेपेला करतात. गाडी यायला वेळ होता. पडवींत पुतण्याचा ढोल उभा होता. आत्याबाईंनीं त्याला बोलाविलें, ढोलाच्या डाव्या पानावर आपला पंजा पसरून ठेवला आणि म्हणाल्या, "तीनताल वाजव. विलंबित. टिपरूं नको, हातानें."

तो वाजवूं लागला. आत्याबाई डोळे मिटून, मान किंचित् खालीं घालून उभ्या होत्या. तंबोरा जुळवितांनाचा तोच चेहरा. चार आवर्तनें झालीं. "खालीनंतर घाई करतोस. तेराव्या मात्रेला येतांना पळतोस. पुन्हा." त्यानें पुन्हा वाजविलें. पुन्हा चुकलें, पुन्हा त्यांनीं पंजा न हलवितां तेंच सांगितलें. तिसऱ्या वेळीं दादा वर्तमानपत्र खालीं ठेवून दारांत येऊन उभे राहिले.

पुतण्याच्या कानांत त्या वेळीं तेच स्पंजाचे बोळे होते. त्यानें ते आपण होऊन घातले होते कीं वहिनींच्या धाकानें, हें आम्हीं विचारलें नाहीं. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवीत होता, आणि तो दोघांपैकीं कोणालाही ऐकूं येत नव्हता.